नांगरातून घडलेला उद्योग : लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंगांधत्वामुळे ती वाट खुंटली. मग यांत्रिक आरेखन आत्मसात करून त्यांनी मुंबईतच तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापन केले. हक्काची बढती डावलली जाताच नोकरी सोडून ते बेळगावी बंधू रामूअण्णांच्या सायकल व्यवसायात उतरले.

पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. तरीही लक्ष्मणराव डगमगले नाहीत. शेतात उपयोग सिद्ध झाला, तसा मालावरील विश्वास वाढला.

बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलचा ओसाड माळ दिला. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कारखान्यासह कामगारांची घरे उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्यांवरही राखणीची जबाबदारी विश्वासाने सोपविली गेली.

१९४६ मध्ये त्यांचे पुत्र रवी किर्लोस्कर यांनी आपल्या बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनी स्थापन केली. १९५६ मध्ये लक्ष्मणराव निवर्तले. उद्योग मात्र टिकला. वापरणाऱ्याच्या कसोटीस उतरणारे काम आणि ते घडविणाऱ्या माणसांची जपणूक, या दोहोंवरच कोणतीही संस्था दीर्घायुषी होते. हीरक महोत्सवी वर्षात आपल्या शाळेनेही हेच स्मरावे.