नेव्हिल डिसोझा : मेलबर्नचे ते तीन गोल

विश्वचषक आला की आमच्या शहापुरात मेस्सी, मॅराडोना यांचीच चर्चा. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथल्या आसगावचे मूळ असलेले नेव्हिल डिसोझा मात्र मुलांना ठाऊक नसतात, म्हणून हे थोडके लिहीत आहोत.

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या या आघाडीवीराचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच मारला. मैदानावर काय आनंद झाला असेल! पण पुढे आपण १-४ असे हरलो, ब्राँझपदक बल्गेरियाने नेले आणि रहीमसाहेबांचा संघ चौथा आला. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर चौथ्याच्या खात्यात जमा काहीच होत नाही. स्पर्धेत सर्वाधिक, प्रत्येकी चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होते, हेही विसरले गेले.

१९८० मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, ते गेले. १९६० नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकला पात्रच ठरलेला नाही. तो चौथा क्रमांक अजून तसाच आहे.