घडी कागदाची, गोडी भूमितीची

आपल्या मुलांची ‘केजी’ ज्यांच्यामुळे आली, ते फ्रेडरिक फ्रोबेल स्वतः आईविना वाढले. जर्मनीतल्या थुरिंगिया भागात १७८२ साली त्यांचा जन्म झाला. ते नऊ महिन्यांचे असतानाच आई गेली. वडील पाद्री, सदा कामात. सावत्र आईचा जीव काही लागला नाही. मोठेपणी त्यांनी स्फटिकांचा अभ्यास केला. ते रेखीव आकार मनात घर करून बसले.

१८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला त्यांनी लहानग्यांसाठी संस्था काढली. १८४० मध्ये तिचं नाव ठेवलं ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग. तिथे चेंडू, ठोकळे आणि साधा चौकोनी कागदही असे. तिरका दुमडला की त्रिकोण, पुन्हा दुमडला की त्याच्या निम्मा! घडी घालून कातरला नि उलगडला, की दोन्हीकडे सारखी नक्षी. अर्धं, पाव, समोरासमोर सारखं हे पाढ्यांच्या आधी बोटांनाच कळायचं. शिकवायला त्यांनी बायकांना तयार केलं.

पण नास्तिकपणा पसरवल्याचा ठपका ठेवून प्रशिया सरकारने १८५१ मध्ये या बागांवर बंदी घातली. १८५२ मध्ये फ्रोबेल गेले. बंदी उठली १८६० मध्ये. ते पाहायला ते नव्हते. कागद मात्र मद्रासपर्यंत पोचला. तिथल्या सुंदर राव यांनी याच खेळावरून १८९३ मध्ये भूमितीचं पुस्तक लिहिलं.

आज जुन्या वहीचं पान चौकोनी कापा, दोनदा तिरकं दुमडा. उलगडल्यावर किती त्रिकोण दिसतील? मुलांना आधी सांगू द्या, मगच उघडू द्या!