अनंत लक्ष्मण कान्हेरे

अनंत लक्ष्मण कान्हेरे हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे मराठी क्रांतिकारक होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्यांनी जिल्हाधिकारी आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन यांचा पिस्तुलाने वध केला. १९ एप्रिल १९१० रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या वेळी त्यांनी वयाची विशीही गाठलेली नव्हती. शालेय पुस्तकांत त्यांच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते. त्यांच्या हाती ते पिस्तूल कसे आले, ते कसे लपवले गेले आणि एकदा उघड झाल्यावर त्याने कोणाकोणाला उघडे पाडले, हा भाग त्या वाक्यात मावत नाही.

पूर्वायुष्य

कान्हेरे यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात झाला. प्राथमिक शिक्षण निजामाबाद येथे झाले. या गावाचे जुने नाव इंदूर असे असल्यामुळे काही लेखनात होळकरांच्या इंदूरशी त्याची गल्लत झालेली आढळते. हे इंदूर निजामाच्या राज्यातील होय. इंग्रजी शिक्षणासाठी ते औरंगाबादला मामांकडे राहिले. मूळच्या कोकणातील या मुलाची घडण अशा रीतीने मराठवाड्यात झाली. त्यांना लेखनाची आवड होती आणि ‘मित्रप्रेम’ नावाची एक कादंबरी त्यांनी लिहिली होती.

१९०८ च्या सुमारास ते औरंगाबादेत गंगाराम रूपचंद श्रॉफ यांच्या घरी खोली घेऊन राहू लागले. गंगाराम यांची येवल्याच्या टोणपे यांच्याशी मैत्री होती आणि टोणपे यांचा संबंध नाशिकच्या गुप्त मंडळींशी होता. या साखळीतून कान्हेरे नाशिककरांच्या परिचयाचे झाले. दिव्याच्या तापलेल्या काचेवर हात धरून त्यांनी आपल्या धैर्याची परीक्षा दिली, अशी आठवण सांगितली जाते. असल्या कथा प्रत्येक हुतात्म्याभोवती जमतात. परंतु गुप्त मंडळे नव्या माणसाची पारख करीत, एवढे त्यावरून निश्चित समजते. शस्त्र लपवण्याआधी माणूस पारखावा लागे.

पिस्तुलांचा प्रवास

१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरवले होते. सामान्य घरातील तरुणास परवाना मिळण्याची आशाच नव्हती. त्यामुळे शस्त्र मिळवणे, ते आणणे आणि ठेवणे ही तिन्ही कामे लपूनच करावी लागत. अशा कामाला मोठी बंदूक निरुपयोगी होती. रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र मध्यभागी फुगीर असते व ते कपड्यांतून जाणवते. याउलट ब्राउनिंग पिस्तुलात गोळ्या मुठीतच एकावर एक बसत असल्याने ते बाजूने चपटे राहते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची ही रचना बेल्जियममधील एका कारखान्याने बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत ती युरोपभर पसरली.

फेब्रुवारी १९०९ मध्ये लंडनमध्ये असलेल्या विनायक दामोदर सावरकर यांनी पॅरिसहून अशी २० ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे मिळवली. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाक करणारे चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परतत होते. त्यांच्या सामानातील एका पेटीला दुहेरी तळ होता व त्या दोन तळांच्या मधल्या जागेत ही पिस्तुले दडवलेली होती. पुस्तकांची पाने आतून कापून त्यांत पिस्तूल बसवल्याची कथा मराठीत फार लोकप्रिय आहे. न्यायालयासमोर आलेला आणि पुढे १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात नोंदवलेला पुरावा मात्र पेटीचा आहे, आणि चरित्र लिहिताना पेटीच धरावी हे बरे.

अमीन मुंबईस उतरले तेव्हा पिस्तुलांची वाट पाहणारे गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर पोलिसांच्या ताब्यात होते. मार्च १९०९ च्या आरंभी, पेटी पोहोचण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, त्यांना अटक झाली होती. तत्पूर्वी त्यांनी एका स्नेह्यास या मालाची कल्पना दिली असल्याने पेटी बेवारस पडली नाही. पिस्तुले हस्तेपरहस्ते विखुरली आणि त्यांतील काही नाशिकच्या गटाकडे आली.

जॅक्सन

ज्यांच्यावर हे शस्त्र चालले ते जॅक्सन साधे अधिकारी नव्हते. त्यांना संस्कृत येत होते, इतिहास आणि लोककथा यांत त्यांना विद्वानाची गती होती, आणि लोकांत मिसळणारा साहेब अशी त्यांची ख्याती होती. क्रांतिकारकांच्या दृष्टीने तेच त्यांचे धोकादायक रूप होते. गोड बोलून दडपशाही पचवायला लावणारा अधिकारी, असे ते त्यांना मानीत. बाबारावांवरील राजद्रोहाचा खटला जॅक्सन यांच्यापुढून वरच्या न्यायालयात गेला आणि काही कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितांसाठी एवढी शिक्षा, याचा नाशिकच्या तरुणांवर झालेला परिणाम समजून घेतल्याशिवाय पुढची घटना समजत नाही. जॅक्सन यांची विद्वत्ता आणि हा निकाल या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकण्याचा मोह चरित्रकारांनी टाळलेला क्वचितच दिसतो.

त्याच जुलैत लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी एका समारंभात कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या. भर सभेत, पाहुण्यांच्या गर्दीत, अंगावर लपवलेल्या शस्त्राने अधिकाऱ्यास गाठता येते, हे त्या घटनेने हिंदुस्थानातील तरुणांना दाखवून दिले होते.

नाट्यगृहातील रात्र

नाशिकच्या गटाचे प्रमुख कृष्णाजी गोपाळ कर्वे हे कायद्याचे विद्यार्थी होते, तर विनायक नारायण देशपांडे हे शिक्षक होते. कान्हेरे यांना नाशिकला आणून जॅक्सन दुरून दाखवण्यात आले व त्यांनी पिस्तूल चालवण्याचा सराव केला. औरंगाबादेत त्यांनी आपले एक छायाचित्र काढून घेतले होते. घरच्यांजवळ काहीतरी राहावे, हा त्यामागचा हेतू होता.

जॅक्सन यांची मुंबईस बढतीवर बदली झाल्याचे कळले आणि गटाला घाई करावी लागली. निरोपादाखल विजयानंद नाट्यगृहात गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग ठरला होता. याहून सोयीची जागा मिळणे कठीण होते. नाटकाला निघालेला तरुण ही त्या काळच्या नाशिकातील सर्वांत साधी गोष्ट, आणि डिसेंबरच्या थंडीत अंगावर चढवलेला जाड कपडा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. कान्हेरे यांच्याजवळ एक ब्राउनिंग आणि एक निकेलचा मुलामा दिलेले लहान शस्त्र अशी दोन शस्त्रे होती. त्यांचा प्रयत्न फसला तर पुढे होण्यासाठी कर्वे आणि देशपांडे हेही सशस्त्र होऊन प्रेक्षकांत बसले होते. तिघांच्या अंगावर शस्त्रे असताना शेजारच्या खुर्चीवरील कोणालाही संशय आला नाही.

जॅक्सन आत येताच कान्हेरे यांनी पुढे होऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच कोसळले. पळशीकर व तोरडमल या अधिकाऱ्यांनी कान्हेरे यांच्यावर झडप घातली आणि इतरांनी त्यांना धरून ठेवले. पकडले जाण्यापूर्वी स्वतःस संपवण्याचा बेत होता, तो साधला नाही. कर्वे आणि देशपांडे गर्दीतून बाहेर पडले.

खटला

जे महिनोन्‌महिने लपून राहिले होते ते काही दिवसांतच उलगडले. पकडलेले ब्राउनिंग पिस्तूल हाच पहिला धागा ठरला. झडत्यांमागून झडत्या झाल्या, दडवलेली आणखी शस्त्रे सापडली आणि मंडळींच्या जबान्या सुरू झाल्या. एकाच पेटीतून आलेल्या पिस्तुलांचा हा दोष होता: एक सापडले की सगळ्यांचा माग लागे. चतुर्भुज अमीन माफीचे साक्षीदार झाले आणि पेटीच्या तळाची गोष्ट न्यायालयात उघड झाली.

वधाच्या खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने २९ मार्च १९१० रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना मृत्युदंड दिला; तिघांना जन्मठेप झाली व एकास दोन वर्षांची शिक्षा झाली. तीन आठवड्यांत फाशी अमलात आली. मृतदेह नातलगांना देण्यात आले नाहीत. त्यानंतर चाललेल्या नाशिक कटाच्या खटल्यात ३८ आरोपी होते व त्यांपैकी २७ दोषी ठरले. विनायक सावरकर यांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये अटक झालीच होती. डिसेंबर १९१० मध्ये त्यांना पहिली जन्मठेप झाली आणि जानेवारी १९११ मध्ये, जॅक्सन यांच्या वधास साहाय्य केल्याबद्दल, दुसरी. त्या दुसऱ्या शिक्षेच्या मुळाशी पॅरिसहून निघालेली पिस्तुलेच होती.

स्मृती

मुंबईच्या उपनगरांतून मध्य रेल्वेने जाणाऱ्यास मुलुंडनंतर ठाणे लागते. तेथील मध्यवर्ती कारागृह पोर्तुगीजांच्या काळी सुरू झालेल्या जुन्या किल्ल्यात आहे. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना फाशी झाली ते हेच ठिकाण. नाशिकमधील गोल्फ क्लब मैदानास हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देण्यात आले आहे.

जॅक्सन यांनी गोळा केलेली लोककथांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी संपादित करून दोन खंडांत प्रसिद्ध केली. १९१५ चा दुसरा खंड कोकणाविषयी असून, गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली माहिती त्यात आहे. कान्हेरे यांच्या रत्नागिरी जिल्ह्यातील गावेही तीत आहेत.