विश्लेषण : आमदारांच्या मतांचा हिशेब ठेवणारे वेन व्हीलर कोण होते?

अमेरिकेत बंदुकीपासून पर्यावरणापर्यंत अनेक विषयांवरील संघटना लोकप्रतिनिधींना सभागृहातील मतदानावरून गुण देतात. हे हत्यार किती धारदार आहे, हे शंभर वर्षांपूर्वी ओहायो राज्यातील वकील वेन व्हीलर यांनी दाखवून दिले.

कोण होते व्हीलर?

जन्म १८६९चा, शेतकरी कुटुंबातला. लहानपणी शेतावरील एका मद्यपी मजुराच्या हातून दाताळे पायात घुसल्याची आठवण ते सांगत. ओबरलिन महाविद्यालयातून ते अँटी-सलून लीग या दारूबंदीवादी संघटनेत आले. काम सांभाळून १८९८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

गुण कसे दिले जात?

निकष एकच : दारूबंदीच्या विधेयकावर मत कोणत्या बाजूने पडले? पक्ष कोणताही चाले, खासगीत दारू पिणाराही चाले. संघटना हा हिशेब आपल्या वृत्तपत्रातून आणि चर्चमधून मतदारांपर्यंत पोहोचवी. लढत चुरशीची असली, की थोडी गठ्ठा मते फिरली तरी निकाल बदले.

१९०५ मध्ये काय घडले?

रिपब्लिकन गव्हर्नर मायरन हेरिक यांनी स्थानिक दारूबंदीच्या विधेयकाची धार बोथट केली. व्हीलर यांनी त्यांच्याविरोधात मोहीम उघडली. पक्षाचे इतर बहुतेक उमेदवार जिंकले, हेरिक मात्र पडले. इतर नेत्यांसाठी हा इशारा पुरेसा होता. काँग्रेसने १९१७ मध्ये घटनादुरुस्ती मंजूर केली आणि जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली.

मग चुकले कुठे?

गुण फक्त मताला होते, त्यानंतरच्या कामाला नव्हते. बंदीच्या बाजूने हात वर करणाऱ्या काँग्रेसने अंमलबजावणीसाठी पैसा मात्र तुटपुंजा दिला. चोरटी दारू फोफावली. १९२७ मध्ये व्हीलर यांचे निधन झाले आणि १९३३ मध्ये बंदीच उठली.

भारतात असे गुण का देता येत नाहीत?

१९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडल्यास सदस्यत्व जाऊ शकते. शिवाय बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यामुळे कोणी काय मत दिले याची नोंदच राहत नाही. म्हणून मुंबईतील प्रजा फाउंडेशनच्या आमदारांच्या प्रगतिपुस्तकात हजेरी, विचारलेले प्रश्न अशा बाबी मोजल्या जातात. आपल्या आमदाराचे प्रगतिपुस्तक वाचताना त्यात काय मोजले आहे आणि काय सुटले आहे, हे आधी पाहावे.