बेंजामिन फ्रँकलिन, अथवा विजेला दाखविलेली वाट

वळवाचे ढग दाटून येऊ लागले, की खेड्यापाड्यांतील माणसांच्या मनात एक जुनी भीती जागी होते. वीज कोणत्या झाडावर पडेल, कोणाची गुरे घेऊन जाईल, कोणाच्या घरचा कर्ता पुरुष शेतात आडवा करील, हे कोणास सांगता येत नाही. ह्या भीतीवर ज्या मनुष्याने प्रथम खरा उपाय शोधून काढला, आणि त्यापायी ज्याला विद्वानांचा विरोध व कित्येक भाविकांचा रोष ही दोन्ही सोसावी लागली, त्या बेंजामिन फ्रँकलिन याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

फ्रँकलिन याचा जन्म 17 जानेवारी 1706 रोजी उत्तर अमेरिकेतील बोस्टन शहरी झाला. त्या काळी तो मुलूख इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होता. बाप जोसाया हा साबण व मेणबत्त्या करून प्रपंच चालवी. त्याला सतरा अपत्ये होती. त्यांत बेंजामिन पंधरावा. मुलग्यांमध्ये मात्र हा दहावा. म्हणून पिकाचा दशमांश द्यावा तसा हा मुलगा देवाच्या सेवेस द्यावा, त्याला पाळक करावे, अशी बापाची इच्छा होती. त्यासाठी त्याला आठव्या वर्षी शाळेत घातले. परंतु खर्च झेपेना. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा बापाच्या हाताखाली मेणबत्त्यांच्या वाती कापू लागला. बाराव्या वर्षी त्याला थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. दिवसा काम आणि रात्री उसनी आणलेली पुस्तके, असा त्याचा क्रम असे. पुढे भावाशी पटेना. तेव्हा 1723 साली, सतरा वर्षांचा असताना, तो घरातून पळून फिलाडेल्फिया शहरी गेला. खिशात थोडी नाणी व काखेत पाव, एवढ्या भांडवलावर त्याने त्या परक्या गावात पाऊल ठेविले.

तेथे कष्टाने व काटकसरीने त्याने स्वतःचा छापखाना उभा केला. वर्तमानपत्र चालविले, पंचांग काढिले. आपल्याला जी पुस्तके दुर्मीळ होती ती इतर गरिबांस मिळावी म्हणून मित्रांसह 1731 साली वर्गणीचे पुस्तकालय स्थापिले. गावात वारंवार आगी लागत, म्हणून 1736 साली आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांची टोळी उभारली. प्रसिद्ध उपदेशक जॉर्ज व्हिटफील्ड 1739 साली त्या शहरी आला तेव्हा फ्रँकलिन याने त्याची प्रवचने छापिली, आणि दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी फ्रँकलिन याची श्रद्धा व्हिटफील्डसारखी दृढ नव्हती, हे येथे लपविण्याचे कारण नाही. तथापि जगाचा कर्ता एक देव आहे, व मनुष्यांचे हित करणे हीच त्याची उत्तम सेवा होय, असे तो मानीत असे.

सुमारे चाळीस वर्षांचा असताना त्याचे लक्ष विद्युत्‌शक्तीकडे वळले. लंडन येथील एका मित्राने काचेची एक नळी पाठविली होती. ती घासली असता ठिणगी उडे, हलक्या वस्तू ओढल्या जात. 1748 साली छापखान्याचा कारभार भागीदाराकडे सोपवून फ्रँकलिन ह्या शोधाच्या मागे लागला. हे काम निर्धोक नव्हते. 1750 च्या डिसेंबरात बरण्यांत साठविलेल्या विजेने एक पक्षी मारून दाखविताना त्याचा स्वतःचाच हात लागला आणि तो काही वेळ बेशुद्ध झाला. ही आपली चूक त्याने लपविली नाही. इतरांनी सावध व्हावे म्हणून ती पत्राने कळविली.

प्रयोगांत त्याला दोन गोष्टी दिसल्या. बरणीतील ठिणगी व ढगातील वीज ह्यांचे गुण पुष्कळ सारखे आहेत, ही एक. आणि अणकुचीदार लोखंड विजेला दुरूनच खेचते, ही दुसरी. उंच ठिकाणी टोकदार सळई उभारून ढगांत खरोखर विद्युत् आहे की नाही हे पाहावे, असे त्याने सुचविले. 10 मे 1752 रोजी फ्रान्समधील मार्ली नामक गावी, पॅरिसजवळ, चाळीस फूट उंच सळईतून गडगडाटाच्या वेळी ठिणग्या काढण्यात आल्या. त्या वेळी गावचा पाद्रीही तेथे होता. त्याच वर्षी जून महिन्यात, ही बातमी पोहोचण्यापूर्वी, फ्रँकलिन याने आपल्या मुलासह रेशमी पतंग ढगांत चढविला. दोरीस किल्ली बांधिली होती. हातात धरावयास कोरडी रेशमी फीत होती, आणि ती भिजू नये म्हणून तो आडोशाला उभा होता. किल्लीजवळ बोट नेताच ठिणगी उडाली. पतंगावर वीज कोसळली, असे पुष्कळ लोक समजतात. ते खरे नाही. तशी कोसळती तर बापलेक जिवंत राहतेच ना. ढगातील थोडा विद्युद्भार तेवढा दोरीवाटे उतरला.

हा शोध त्याने स्वतःच्या लाभासाठी राखून ठेविला नाही, त्याचे पेटंटही घेतले नाही. 1753 सालच्या आपल्या स्वस्त पंचांगात त्याने शेतकऱ्यासही करता येईल असा उपाय छापिला. लोखंडाची बारीक सळई घ्यावी. तिचे एक टोक तीन-चार फूट ओल्या जमिनीत पुरावे. दुसरे टोक घराच्या माथ्यावर सहा-आठ फूट निघू द्यावे, व त्यास पितळेची टोकदार तार जोडावी. जहाज असेल तर डोलकाठीपासून पाण्यापर्यंत तार सोडावी. सगळ्या उपायाचे मर्म जमिनीत पुरलेल्या त्या टोकात आहे. हे मर्म किती मोलाचे, ते त्याच वर्षी दिसून आले. 6 ऑगस्ट 1753 रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरी रिखमन नावाचा विद्वान वादळात आपल्या सळईचे निरीक्षण करीत असता ठार झाला. त्याची सळई मुद्दामच जमिनीशी जोडिलेली नव्हती. विजेस जावयास वाट नव्हती. तिने त्याच्या देहातून वाट काढिली.

तरी विरोध झालाच. वीज हे देवाचे शस्त्र, ते अडविणारा मनुष्य कोण, असे पुष्कळांस वाटे. 1755 च्या नोव्हेंबरात बोस्टन शहरी मोठा भूकंप झाला, तेव्हा थॉमस प्रिन्स नामक पाळकाने अशी शंका छापिली की सळयांनी जमिनीत ओढलेली वीजच ह्या भूकंपाला कारण असावी. हार्वर्ड विद्यालयाचे अध्यापक जॉन विन्थ्रॉप यांनी त्याचे सप्रमाण खंडन केले. फ्रँकलिन याचे म्हणणे साधे होते. पाऊस, गारा व ऊन हीही वरूनच येतात; त्यांपासून बचाव करण्यासाठी आपण निःशंकपणे छप्पर घालतो; मग विजेपासून बचाव करण्यात पाप कसले?

ह्या वादात मनुष्यांचे प्राण गुंतलेले होते. युरोपात वादळ आले की देवळाची घंटा वाजवावी, म्हणजे वीज टळते, अशी समजूत होती. परंतु गावात सर्वांत उंच तो देवळाचा मनोरा, आणि ओल्या दोराखाली उभा राहिलेला घंटा वाजविणारा. 1784 साली म्युनिक येथे छापलेल्या एका पुस्तकात अशी गणती दिली आहे की तेहतीस वर्षांत 386 मनोऱ्यांवर वीज पडली व 103 घंटा वाजविणारे मेले. ही बिचारी माणसे दुष्ट नव्हती. इतरांना वाचविण्यासाठीच ती मनोऱ्यात गेली होती. त्यांच्यात भक्तीची उणीव नव्हती, ज्ञानाची होती. व्हेनिस येथील संत मार्काच्या मनोऱ्यावर शतकानुशतके विजा पडत होत्या. 1776 साली त्यावर सळई बसविली आणि तो उपद्रव थांबला.

पुढे फ्रँकलिन राजकारणात पडला. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर व 1783 च्या तहावर त्याची सही आहे. पूर्ववयात त्याने स्वतः गुलाम बाळगिले होते. परंतु वृद्धपणी त्याचे मन पालटले, आणि 1790 साली, मरणापूर्वी दोनच महिने, गुलामगिरी बंद करावी असा अर्ज त्याच्या सहीने अमेरिकेच्या काँग्रेसपुढे गेला. फ्रान्समधून 1785 साली परतल्यावर त्याने पुढे घराचे काम काढिले, तेव्हा आपल्याच सळईचे तांब्याचे टोक वितळून गेलेले त्यास आढळले. तो परदेशी असता वीज पडली होती, आणि घर वाचले होते. 17 एप्रिल 1790 रोजी, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन, तो मरण पावला.

त्याची एक कल्पना मात्र पुढे बदलावी लागली. टोकदार सळई ढगातील वीज हळूहळू रिती करिते, असे त्यास प्रथम वाटे. आज असे ठरले आहे की सळई विजेस थांबवीत नाही. पडणारी वीज आपल्यावर घेते व सुरक्षित वाटेने जमिनीत नेते. रेडिओचे शेकडो फूट उंच मनोरे ह्याच नियमाने उभे आहेत. पायाभोवती जमिनीत सळया ठोकून त्या जाड तांब्याने मनोऱ्यास जोडितात. मनोऱ्यावरून उतरणारी तार यंत्रगृहात शिरण्यापूर्वी तिचे धातूचे वेष्टन त्याच अर्थिंगशी बांधितात. सर्व जोड एकाच अर्थिंगास मिळाले पाहिजेत. दोन निराळ्या अर्थिंग राहिल्या तर वीज एकीतून दुसरीकडे धावताना मधली यंत्रे जाळते. काही मनोरे स्वतःच लहरी सोडीत असल्यामुळे चिनी मातीच्या बैठकीवर उभारितात; तेथे तळाशी धातूच्या दोन गोळ्यांमध्ये थोडी फट ठेवितात. वीज ती फट ओलांडून जमिनीत जाते.

वाचकहो, ज्याला बापाने देवाच्या सेवेसाठी नेमिले होते तो पाळक झाला नाही. तरी त्याच्या हातून मनोऱ्यातील कित्येक घंटा वाजविणाऱ्यांचे प्राण वाचले. गडगडाट होऊ लागला म्हणजे एकट्या झाडाखाली उभे राहू नका, उघड्या शेतातून पक्क्या घरात या, व लोखंडी तारेच्या कुंपणापासून दूर राहा. आपल्या उपासनामंदिरावर सळई असेल तर पावसाळ्यापूर्वी तिचे खालचे टोक पाहा. ते तुटलेले अथवा गंजलेले असेल, तर वरचे टोक कितीही चकाकत असले तरी ते कोणासही वाचविणार नाही. प्रार्थना अवश्य करा. आणि प्रार्थना करून उठल्यावर ती सळई जमिनीत नीट पुरलेली आहे की नाही हेही पाहून या.