आगबोटींचे उस्ताद अर्देशीर

अठराव्या शतकात सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी वाडिया यांनी येथे जहाजे बांधण्याचा उद्योग मांडला. त्यांच्या वंशजांनी तो पिढ्यान्‌पिढ्या चालविला. या घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे दूरदूरच्या समुद्रांवर फिरत. अशा कीर्तिवंत पारशी कुळात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर करसेटजी यांचा जन्म झाला. गोदीतील कामाचे धडे त्यांनी लहानपणापासूनच घेतले. परंतु शिडे आणि डोलकाठ्या यांच्यापेक्षा वाफेच्या यंत्रात त्यांचे मन अधिक रमे.

१८२९ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पाण्यात उतरली. तिच्यात प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे होती. तिच्या कोठारात साडेपाच दिवस पुरेल एवढाच कोळसा मावत असे, आणि एडनला पोचण्यास तर अकरा दिवस लागणार होते! म्हणून २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली तेव्हा जेथे जागा सापडेल तेथे कोळसा भरण्यात आला. त्या भाराने बोट पाण्यात फार खोल बसली. ती एडनला पोचली खरी, पण तोवर कोळसा जवळजवळ संपला होता.

आगबोट बांधणाऱ्यांपुढचे मोठे कोडे ते हेच. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळतो. आगबोटीला मात्र आपले बळ आपल्याच पाठीवर वाहून न्यावे लागते. यंत्र जितके मोठे, तितका बाष्पपात्राचा, पाण्याचा आणि कोळशाचा भार अधिक. भार वाढला की बोट खोल बसते, तिला अधिक पाणी बाजूस सारावे लागते आणि वेग मंदावतो. त्या काळच्या आगबोटींच्या दोन्ही बाजूंस वल्ह्यांची चाके असत. ती फार बुडाली की त्यांचे श्रम पाणी उपसण्यातच वाया जात. कोळसा जळून बोट हलकी झाली की तीच चाके पाण्यास पुरती लागत नसत. शिवाय वेग दुप्पट करावयाचा तर यंत्राचे बळ नुसते दुप्पट करून भागत नाही. ते सुमारे आठपट लागते. लहान बोटीत तर हा हिशेब अधिकच नाजूक असतो.

हे सारे हाताने करून पाहावे, असे अर्देशीर यांनी मनावर घेतले. त्यांनी प्रथम एक अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे यंत्र तयार केले. मग १८३३ साली, ऐन पंचविशीत, ‘इंडस’ नावाची ६० टनांची छोटी आगबोट बांधली. पुढच्याच वर्षी त्यांनी आपला माझगावचा बंगला वायुदीपांनी उजळला, तो पाहण्यास खुद्द गव्हर्नर आले.

अधिक ज्ञान मिळविण्यासाठी १८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षी मुंबईच्या सरकारी वाफयंत्रांच्या कारखान्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. युरोपीय कारागिरांनी एका भारतीयाच्या आज्ञेत राहावे, ही गोष्ट त्या काळी अनेकांना रुचली नाही. अर्देशीर यांनी टीकेला कामाने उत्तर दिले आणि १८५७ पर्यंत ते पद सांभाळले. १८५१ साली त्यांनी बांधलेल्या ‘लवजी फॅमिली’ या आगबोटीचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते.

१८६१ मध्ये सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवरील आगबोटींचे काम त्यांच्याकडे आले. तेथे जुनेच कोडे नव्या रूपाने उभे होते. प्रवाह कापण्यास बळकट यंत्र हवे, आणि उथळ पात्रात रुतू नये म्हणून बोट हलकी हवी!

१६ नोव्हेंबर १८७७ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे अर्देशीर यांचे देहावसान झाले. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. वडिलार्जित कलेवर संतुष्ट न राहता त्यांनी नवी विद्या कष्टाने आत्मसात केली, म्हणूनच शिडांचे युग ओसरत असताना मुंबईच्या जहाजबांधणीला ते वाफेच्या युगात नेऊ शकले.