रेव्हरंड गॉर्डन हॉल : आमच्या मिशनाचा पाया घालणारा तरुण

आमच्या जिल्ह्यातील मंडळ्यांत अमेरिकन मराठी मिशनाचे नाव ठाऊक नाही असे घर क्वचितच सापडेल. परंतु ह्या मिशनाचा पहिला दगड कोणी बसविला, व तो बसविण्यापूर्वी त्याला कसे दिवस काढावे लागले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. तो पाया घालणारा पुरुष येथे आला तेव्हा अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि पहिले वर्षभर त्याला ह्या देशात राहता येईल की नाही ह्याचाच निकाल लागला नव्हता. वाचक बंधुभगिनींनो, आज आम्ही त्याचीच हकीकत आपणांस सांगणार आहो.

गॉर्डन हॉल ह्यांचा जन्म 1784 साली अमेरिकेत मासाच्युसेट्स प्रांतातील टॉलंड नावाच्या खेड्यात झाला. शेतावर वाढलेला हा मुलगा पुढे विल्यम्स कॉलेजात शिकून 1808 साली पदवीधर झाला. त्या कॉलेजात सॅम्युएल मिल्स वगैरे काही विद्यार्थी परदेशांतील लोकांच्या तारणासाठी एकत्र जमून प्रार्थना करीत असत. त्यांच्या संगतीने हॉल ह्यांच्याही अंतःकरणात तोच अग्नी पेटला. शास्त्राध्ययन पुरे झाल्यावर कनेक्टिकट प्रांतातील वुडबरी येथील मंडळीने त्यांस आपले पाळक होण्याविषयी आग्रहाने बोलाविले. घर, वेतन, मान, स्वदेश, सर्व काही तेथे होते. तथापि त्यांनी ते बोलावणे नाकारले, कारण जेथे सुवार्ता पोहोचलीच नाही तेथे जावे असा त्यांचा निश्चय झालेला होता. तिकडे उपयोगी पडावे म्हणून त्यांनी फिलाडेल्फिया येथे राहून थोडे वैद्यकही शिकून घेतले. ह्या विद्येचा उपयोग शेवटी कोठे झाला ते पुढे दिसेलच.

6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम शहरी जडसन, न्यूएल, नॉट, राइस व हॉल ह्या पाच तरुणांस दीक्षा देण्यात आली. अमेरिकेतून परदेशी पाठविलेल्या मिशनरींची ही पहिलीच तुकडी होय. त्याच महिन्यात ते दोन जहाजांनी निघाले, आणि हॉल, नॉट व राइस ह्यांचे जहाज ऑगस्ट महिन्यात कलकत्त्यास लागले.

येथून संकटांस आरंभ झाला. त्या काळी ह्या देशावर ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता. आपल्या मुलखात मिशनरी आल्यास लोक बिथरतील व व्यापारास धोका पोहोचेल, अशी कंपनीच्या अधिकाऱ्यांस भीती वाटे. त्यात आणखी असे झाले की, त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका ह्यांच्यात युद्ध जुंपले. तेव्हा हे तरुण नुसते मिशनरी राहिले नाहीत, तर शत्रूच्या देशाची माणसे ठरले. सरकारने त्यांस देश सोडण्याचा हुकूम केला. त्यांच्या सोबत्यांची दाणादाण उडाली. न्यूएल हे पत्नीसह मॉरिशस बेटाकडे गेले व तेथे त्यांची तरुण पत्नी हॅरिएट देवाघरी गेली. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. हॉल व नॉट ह्यांनी मात्र मुंबईचा परवाना मिळविला, आणि 11 फेब्रुवारी 1813 रोजी ते मुंबईस उतरले.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे शास्त्राविषयी आदर बाळगणारे गृहस्थ होते. परंतु कलकत्त्याहून त्यांजकडे हुकूम आला की, ह्या दोघांस इंग्लंडास रवाना करावे. महिन्यांमागून महिने गेले. आज राहावयास मिळेल असे वाटावे, तो उद्या जहाजावर चढण्याची आज्ञा यावी. अशा स्थितीत एखाद्याने हातपाय गाळले असते. पण ह्या दोघांनी शिक्षक ठेवून मराठी शिकण्यास प्रारंभ केला. आज अक्षरओळखीपासून सर्व पुस्तके आपणांस सहज मिळतात. त्या काळी तसे नव्हते. केरी साहेबांनी बंगाल्यात श्रीरामपूर येथे केलेले व्याकरण व कोश अशी थोडीच साधने छापलेली होती. मोल्सवर्थ साहेबांचा मोठा कोश तर 1831 साली निघाला. ज्या भाषेत एक वाक्य बोलण्यापूर्वीच आपणांस हाकलून देतील असे भय होते, ती भाषा ते रोज शिकत राहिले.

शेवटी नोव्हेंबर महिन्यात त्यांस इंग्लंडास पाठविण्याचे ठरले. तेव्हा दोघे कोणास न कळविता एका जहाजात बसून दक्षिणेस कोचीनकडे निघाले. नॉट साहेबांची पत्नी मुंबईतच राहिली. सिंहलद्वीपात जाता आले तर तेथे तरी काम करावे, असा त्यांचा विचार होता. पण कोचीन येथे ते पकडले गेले व परत मुंबईस आणले गेले. त्यांच्यावर दया करणारे गव्हर्नरसाहेबही ह्या पळण्याने फार नाराज झाले.

त्यांचे हे करणे योग्य होते काय? वाचकांपैकी कित्येक नाही म्हणतील, आणि आम्हीही ह्या कृत्याची प्रशंसा करण्यासाठी ते येथे लिहीत नाही. राज्यकर्त्यांच्या आज्ञेत राहावे असे पवित्र शास्त्र शिकविते. पण यरुशलेमाच्या न्यायसभेपुढे पेत्र व योहान ह्यांस जो प्रश्न पडला, तोच ह्या तरुणांपुढे उभा राहिला होता. ती गाठ कशी सोडवावी हे त्यांस त्या घाईत नीट उमगले नाही. देव आपली कामे चुकणाऱ्या माणसांकडूनच करवितो, कारण दुसरी माणसे पृथ्वीवर नाहीत.

ह्यानंतर हॉल ह्यांनी जे केले ते मात्र निःसंशय अनुकरणीय आहे. ते पुन्हा लपले नाहीत. त्यांनी गव्हर्नरांस उघडपणे पत्रे लिहिली. आपण आलो ते राज्य उलथविण्यास नव्हे, तर ख्रिस्ताच्या आज्ञेने आलो. ती आज्ञा सर्व राजांच्या आज्ञांहून वरची आहे. आणि तिला आडवे येणाऱ्यास एके दिवशी त्याच प्रभूपुढे जाब द्यावा लागेल, असे त्यांनी नम्रपणे पण निर्भयपणे कळविले. डिसेंबर महिन्यात जहाज तयार होते. अगदी अखेरच्या घटकेस त्यांचे जाणे तहकूब झाले. इकडे इंग्लंडात पार्लमेंटाने 1813 सालच्या सनदेच्या कायद्याने मिशनरींस हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी केली होती, आणि कंपनीच्या डायरेक्टरांत चार्ल्स ग्रँट ह्यांनी ह्या तरुणांची बाजू घेतली. 1814 साली त्यांस राहण्याची परवानगी मिळाली.

पुढील काम झपाट्याने सांगता येते, पण ते करण्यास तेरा वर्षे लागली. 1814 साली विधुर झालेले न्यूएल येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी नॉट आजारीपणामुळे स्वदेशी परतले. 1816 साली हॉल ह्यांचा विवाह झाला. छापखाना सुरू झाला, शाळा निघाल्या, 1824 साली मुलींची शाळा उघडली, आणि नव्या कराराचे मराठी भाषांतर झाले. हॉल रोज रस्त्यांत, बाजारात, देवळांच्या आवारात जाऊन लोकांशी मराठीत बोलत. ऐकणारे पुष्कळ, थट्टा करणारेही पुष्कळ, आणि विश्वास ठेवणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. 1821 साली न्यूएल पटकीने मरण पावले. 1825 साली हॉल ह्यांची पत्नी दोन मुलांस घेऊन अमेरिकेस निघाली व थोरला मुलगा वाटेतच वारला. काम सोडून जाणे बरे वाटेना म्हणून हॉल मागेच राहिले.

मार्च 1826 मध्ये ते दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन नाशिकाकडे गेले. तेथे पटकीने माणसे पटापट मरत होती. फिलाडेल्फिया येथे शिकलेले वैद्यक येथे कामी आले. जवळचे औषध संपेपर्यंत त्यांनी ते रोग्यांस दिले आणि मग ते परत फिरले. वाटेत एका गावी देवळाच्या ओसरीवर ते रात्री निजले होते. पहाटे निघावयाच्या वेळी त्यांसच पटकीने गाठले. औषध उरले नव्हते. काही घटकांतच, 20 मार्च 1826 रोजी, प्रभूचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला. वय एकेचाळीस. त्या दोन मुलांनीच खड्डा खणून त्यांस मातीत ठेवले.

त्या दिवशी कोणी हिशेब केला असता तर काय मिळाले असते? तेरा वर्षे, एक कबर, आणि मूठभर विश्वासणारे. परंतु पुढच्या पाचच वर्षांनी, डिसेंबर 1831 मध्ये, ग्रेव्ह्ज, हर्वी व रीड हे तिघे बाबाजी रघुनाथ ह्यांच्यासह घाट चढून अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) आले. हर्वी हेही वर्षाच्या आतच पटकीने गेले. तरी काम थांबले नाही. 1833 साली नगरास मंडळी स्थापन झाली, 1842 साली तेथूनच ज्ञानोदय निघू लागला, आणि पुढे गावोगावी प्रार्थनामंदिरे उभी राहिली.

गावोगाव फिरणाऱ्या उपदेशक बंधूंनो, वर्षभर शिकवूनही एकही घर प्रभूकडे वळले नाही म्हणून आपण कित्येकदा खिन्न होता. अशा वेळी मुंबईतील त्या खोलीची आठवण करावी, जेथे एक परदेशी तरुण, उद्या आपणांस घालवून देतील हे ठाऊक असूनही, दिव्यापाशी बसून आपली मराठी भाषा शिकत होता. त्याने पेरले, कापणी त्याने पाहिली नाही. जी कापणी झाली ती आपणच आहो. आता आपल्या शेतात पेरावयाचे काम आपल्याकडे आहे, आणि कापणी कोणी पाहावी हे धन्यावर सोपवावे.